उजव्या चाकाचा आवाज

आण्णा, काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी मी पोलीस ठाण्यामागच्या पटांगणात जाऊन तुझ्या चेचलेल्या गाडीला जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं खोलली. आवाज कशाचा होता ते मला कळलंय. सांगतो, पण माझ्या क्रमानं सांगतो. मी पन्नाशीला आलो तरी थोरला भाऊ म्हणून तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. मध्येच तुझा हात उठायचा. आता तो उठत नाही, तर गुमान ऐकून घे.

सावडायला गेलो त्या दिवशी दोघंतिघं माझ्या डाव्या अंगाला उभे राहून कुजबुजत होते. माझा डावा कान गेलेला आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, त्यामुळे माझ्याविषयी बोलायचं असलं की लोक डावीकडे उभे राहतात. पण त्यांची तोंडं मला दिसतात. दुपारी वहिनीच्या भावानं सरळच विचारलं, "मास्तर, गाडीचं ब्रेक तुमी दोघांनी घरीच बदललं हुतं म्हणं? डावं चाक तुमी केलं?" मी हो म्हणालो. तेव्हापासून मी एकच गोष्ट स्वतःला विचारतो आहे. त्या चाकाच्या ब्रेकचा बोल्ट मी पुरता आवळला होता का? तुला मी मारलं का?

हा कान तुझीच देणगी. मी अकरा वर्षांचा होतो, तू सोळाचा. विहिरीवरचं डिझेल इंजिन मी पाणी न सोडताच चालू केलं आणि ते तापून जाम झालं. तू उसातून पळत आलास, एका शब्दानं काही विचारलं नाहीस, आणि उघड्या तळव्यानं अशी ठेवून दिलीस की मी पाटात जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी उशीला रक्त होतं, मग आठवडाभर पू आला. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, विहिरीत सूर मारताना लागलं. तू चुलीपाशी भाकरी खात बसला होतास. मान वर न करता खातच राहिलास. दवाखान्यात मला कुणी नेलं नाही. पुढं तू फौजेत गेलास, तोफखान्यात, आणि तिथं बावीस वर्षं तोफांनी तुझ्या दोन्ही कानांची वाट लावली. सुट्टीला येऊन तू आईचं बोलणं दोनदोनदा विचारायला लागलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. लाज वाटते, पण वाटलं होतं.

आणि तरी पाना धरायला मी तुझ्याकडूनच शिकलो. तू निवृत्त होऊन आलास, सांगलीहून जुनी पांढरी गाडी आणलीस, आणि आपल्या रविवारांना काम मिळालं. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, सगळं गोठ्यापुढं. कुठल्याही गॅरेजवर तुझा विश्वास नव्हता. "त्या पोरांचं ध्यान फोनात असतंय," म्हणायचास. फौजेतली एक शिस्त तू घरी आणली होतीस. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी सुटला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसतं. घरात तसला रंग नव्हता, म्हणून तू वहिनीची मेंदीच्या रंगाची नेलपॉलिश पळवलीस. वहिनी वर्षातून दोनदा लावत असेल, उरलेली सगळी गाडीनं वापरली. अशा रविवारी संध्याकाळपर्यंत आपले हात काळे असायचे आणि तू मला तुझ्या ताटातली वांग्याची फोड वाढायचास. एरवी प्रेम दाखवायला तुला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

शेवटचा रविवार मात्र ब्रेकचा होता. पुढचे पॅड झिजून लोखंडाला आले होते. उजवं चाक तू घेतलंस, डावं मला दिलंस. माझं आवळून झालं आणि मी तुझं बघायला आलो, तर तू आतलं पॅड बाहेर आणि बाहेरचं आत घातलेलं. मी उकिडवा बसलो, बोट दाखवलं आणि म्हणालो, "आण्णा, पॅडं उलटी झाल्यात." तू हत्यारांच्या पेटीपाशी उभा होतास.

"मला शिकवतूस व्हय रं?"

एवढंच बोललास आणि हातातला सतरा नंबरचा पाना भिरकावलास. मी मान आत घेतली म्हणून कपाळ वाचलं. पाना माझ्या चांगल्या कानाजवळून गेला आणि उघड्या ब्रेकच्या मागं ठण्णकन आदळला. गोठ्यात बसलेली म्हैस उठून उभी राहिली. तू आलास, पाना उचललास, धोतराच्या फडक्यानं पुसलास. मी हातपाय धुऊन दोघांचा चहा घेऊन आलो तोवर पॅड सरळ बसलेले होते. चुकलं म्हणाला नाहीस. चहा घेतलास आणि साखर कमी आहे म्हणालास.

मग तू तुझ्या बोल्टांवर रेघा मारल्यास आणि बाटली माझ्यापुढं धरलीस. "तुज्या तू मार."

मी रागानं फुललो होतो. "माज्या बोल्टांना नटवायची गरज न्हाई," म्हणालो, आणि तसंच चाक चढवलं. गेले तेरा दिवस मला हे वाक्य चावतंय.

त्याच दुपारी विट्याच्या रस्त्याला गाडी काढली तर पहिल्याच वळणाला आवाज आला. खर्र, जरा थांबून खर्र, जरा थांबून खर्र. चाकाच्या फेऱ्याबरोबर यायचा. गाडी पळाली की तोही पळायचा. तू म्हणालास, "नवीन पॅड हाय, बसंल." मी म्हणालो, नव्या पॅडचा आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, हा ब्रेक न दाबताही येतोय, आणि दाबल्यावर बदलत नाही, म्हणजे हा पॅडचा नाही. "मास्तर, फळा शाळंत ठेवून येत जा," तू म्हणालास. पण गाडी वळवलीस.

तुझी ती भिंतीची युक्ती मला अजून आवडते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असला की तो आवाज गिळून टाकतो. म्हणून तू गाडी आमच्या शाळेच्या लांब कंपाउंडाला चिकटून, काचा खाली करून, सावकाश चालवायचास. भिंत आवाज परत फेकते. भिंत डावीकडं ठेवून गेलो, मला आवाज उजवीकडून आला. भिंत उजवीकडं ठेवून आलो, तरी उजवीकडूनच.

"तुला सगळंच उजवीकडनं ऐकू येतं," तू म्हणालास आणि हसलास.

खरं होतं ते. एका कानाच्या माणसाला आवाज येतो, दिशा येत नाही. वर्गात कुणी पोरानं हाक मारली तर मी चारी भिंतींकडं बघतो. पण ते तू बोलावंस? ज्यानं कान फोडला त्यानं हसत हसत बोलावं? मी दात आवळून बसलो. तू म्हणालास, "उलटा बस." आणि मी, एका हायस्कुलाचा विज्ञानाचा शिक्षक, सीटवर गुडघे टेकून पाठीमागं तोंड करून बसलो, म्हणजे उजवा कान डाव्या खिडकीला येईल. कबड्डीच्या सरावाला आलेली माझी पोरं भिंतीवर चढून बघत होती. आवाज कमी झाला. अगदी स्पष्ट कमी झाला.

"उजवं चाक हाय," मी म्हणालो. "तुजं."

तू कचकन ब्रेक दाबलास. माझी पाठ डॅशबोर्डवर आपटली. "खोटं बोलतूस. माजं चाक म्हणून बोलतूस."

सोमवार, मंगळवार हेच. रोज संध्याकाळी भिंत, रोज भांडण. तू म्हणायचास डावं, मी म्हणायचो उजवं. दोघांपैकी एकानं जरी उतरून उजवं चाक खोललं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण तुझं चाक तू खोलायचं म्हणजे तू चुकलास, आणि मी खोलायचं म्हणजे तुझ्या हाताला हात लावला. आपल्या घरात मोडलेलं इंजिन दुरुस्त होतं, असलं काही दुरुस्त होत नाही.

बुधवारी मी ते बोललो. "तुला त्यो आवाज ऐकूच येत न्हाई. तोफांनी कान खाल्लं तुजं. मग डावं-उजवं कशाच्या जिवावर सांगतूस?"

तू माझी गचांडी धरलीस आणि डोकं गाडीच्या दारावर आपटलंस. डोळ्यांपुढं काळं आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, आण्णा, मी तुझ्यावर हात टाकला. मुठीनं. जेवढा जोर होता तेवढा. अकराव्या वर्षापासून साठवलेला होता तो. तुझा खालचा ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त सदऱ्यावर आलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली, मध्ये पडली नाही. मला वाटलं आता तू मला जिवंत ठेवत नाहीस. तू बोटानं ओठ चाचपलास, लाल थुंकलास आणि म्हणालास, "बस गाडीत. परत एकदा ऐकूया."

त्या क्षणी मी बसलो असतो तर? मी काय म्हणालो ते तुला ठाऊक आहे, आणि आता ते मला एकट्यालाच वागवायचं आहे. "ह्या गाडीत मी पाऊल टाकायचो न्हाई. एकटा जा आन् एकटा मर."

शनिवारी आटपाडीला तुझ्या फौजेतल्या दोस्ताच्या घराची वास्तुशांत होती. बोलावणं दोघांनाही होतं. सकाळी तू माझ्या दारापुढं गाडी उभी करून दोनदा हॉर्न वाजवलास. मी उजवा कान उशीत दाबून पडून राहिलो. माझा हा जुना डाव आहे, चांगला कान झाकला की जग बंद. किती वेळ थांबलास ते मला कळलं नाही. बायको म्हणाली, बराच वेळ थांबले होते.

परतताना तू विट्याच्या अलीकडं होतास. मावळतीचा सूर्य सरळ काचेवर, आणि पुढं ट्रॅक्टरच्या मागं उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या. चाक पंक्चर म्हणून रस्त्यातच उभ्या. मागं लाल फडकं नाही, झाडाची फांदी नाही, चाकाला नुसते दगड लावलेले. गाडीचा डावा अर्धा भाग ट्रॉलीखाली गेला. मी जिथं बसतो ती सीट छतासकट दाबून वीतभर उरली होती, आत उसाची कांडी घुसली होती. तुला स्टेअरिंगनं छातीत मारलं. मी पोचलो तेव्हा तुला बाहेर काढून रस्त्याकडेला निजवलं होतं. तोंडाला काही झालं नव्हतं. ओठावर मी फोडलेली खपली तशीच होती. माझी खूण घेऊन गेलास तू.

ट्रॅक्टरवाला बांधावर बसला होता, पंचविशीतला. मी त्याला कॉलरला धरून उठवलं आणि उघड्या तळव्यानं हाणली. तुझ्यासारखीच. हात तुझाच होता, आण्णा, मी नुसता बघत होतो. तो उसात पडला आणि डाव्या कानावर हात दाबून धरला. मी तसाच पडलो होतो पाटात, तसाच हात दाबून. माझा हात दुसऱ्यांदा वर उठलेला होता, तो खाली आला. मी वाकून विचारलं, "ऐकू येतंय का?"

"येतंय, साहेब," तो म्हणाला. भीतीनं म्हणाला. मी आईला सूर मारताना लागलं म्हणालो होतो, तसं.

पंचनाम्याच्या वेळी हवालदारानं मला रस्त्यावर चाकांचे काळे पट्टे दाखवले. "दोन्ही सरळ हायत, सारख्या लांबीचं. ब्रेक दोन्हीकडनं लागलंय. गाडी एका अंगाला वढली न्हाई." त्यानं समजूत म्हणून सांगितलं. मी मान हलवली, पण ऐकून पटणं वेगळं आणि हातानं बघणं वेगळं, हे तूच शिकवलेलं. सारखे पट्टे बघूनही मला माझा बिनरेघेचा बोल्ट दिसत होता.

काल तेराव्याची पंगत उठल्यावर वहिनीनं मला मागच्या सोप्यात बोलावलं. नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली. तळाला थोडीच उरलेली.

"भावजी, ह्यांनी गुरुवारी तुमचं चाक खोललं हुतं," ती म्हणाली. "एकट्यानंच. लय वेळ बघत बसलं. मग म्हणालं, बारक्यानं झकास आवळलंय. आन् ही बाटली घेऊन गेलं."

"आन् आवाज?" मी विचारलं.

"त्यो ह्यांना ऐकूच येत नव्हता. मला म्हणालं, मला काय बी ऐकू येत न्हाई गं, पर बारक्याला येतोय म्हंजे आसंल."

चार दिवस तू माझ्याशी ज्या आवाजावरून भांडलास तो तुला येतच नव्हता. माझ्या एका कानावर भरवसा ठेवून तू रोज भिंतीला गाडी घासत होतास, आणि ते मला सांगण्यापेक्षा माझं डोकं दारावर आपटणं तुला सोपं वाटलं. आपल्या दोघांत मिळून एक धड ऐकणारा माणूस होता, आण्णा. तेवढं तरी आपण एकमेकांना बोलायचं होतं.

म्हणून आज गेलो. हवालदार म्हणाला, "खोला, पर काय नेऊ नगा." गाडीचं वरचं सगळं गेलंय, खाली चाकं जागच्या जागी आहेत. आधी डावं खोललं. नट दोनदा मातीत पडला. ब्रेकच्या दोन्ही बोल्टांवर मेंदीच्या रंगाची रेघ होती, तुझ्या हाताची, जरा तिरकी, आणि कुठंही तुटलेली नव्हती. मी त्या पत्र्याला टेकून रडलो. तू गेल्यावर पहिल्यांदा. माझं काम तू पास केलं होतंस आणि मला सांगितलं नव्हतंस. मेल्यावर कळवायची ही कुठली रीत?

मग उजवं. तुझ्या बोल्टांच्या रेघाही शाबूत. पॅड सरळ. पॅड ज्या डिस्कला दाबतात तिच्या मागं धूळ अडवायला पातळ पत्रा असतो, त्याची कड आत दबून डिस्कला टेकलेली होती. डिस्कवर घासून घासून एक चकचकीत रेघ उमटलेली. पत्र्याच्या कडेवर दोन टोकांचा खड्डा होता. मी तुझ्या पेटीतला सतराचा पाना सोबत नेला होता, तो लावून बघितला. जबड्याची दोन्ही टोकं बरोबर बसली.

तो तू मला मारलेला पाना होता, आण्णा. मला लागला नाही म्हणून तो तिथं लागला. बोल्ट तुझेही घट्ट होते आणि माझेही. आवाज फक्त रागाचा होता, तुझ्या फेकण्याचा, आणि त्याच आवाजावरून मी तुला एकटा मर म्हणालो. त्या एका वाक्यानं मी वाचलो. त्या वीतभर सीटमध्ये मी नव्हतो. मी असतो तर तुझ्या डोळ्यांवर ऊन असताना ट्रॉली आधी मला दिसली असती, की आपण दोघंही गेलो असतो? याचं उत्तर कुठल्या चाकात सापडायचं नाही. मी तुझ्यावर संतापतो, तुझे पाय धरावेसे वाटतात, आणि दोन्ही एकाच वेळी होतं.

पत्रा मी दोन बोटांनी सरळ केला. तेवढाच जोर लागला. चाक हातानं फिरवलं, आवाज बंद. ती गाडी आता भंगारातच जाणार, तरी मी सगळे नट नीट आवळले.

घरी येऊन ट्रॅक्टरवाल्याचा नंबर हवालदाराकडून मागून घेतला. त्याच्यावर गुन्हा आहे, तो चालेल, चालायलाच हवा. पण मी त्याला फोन लावून कान कसा आहे विचारलं. आधी घाबरला, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाला, "उशीला पू लागतोय रोज." मी म्हणालो, उद्या दहाला विट्याच्या स्टँडवर ये, आपण कराडला कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. पलीकडून नुसतं "आं? आं?" येत होतं. दोनदा सांगितलं तरी "आं?" मग माझ्या ध्यानात आलं.

"फोन दुसऱ्या कानाला धर," मी ओरडलो.

पलीकडं फोन सरकल्याची खरखर झाली. मग तो म्हणाला, "व्हय साहेब, आता आलं ऐकू."